गारांवरचा ब्रेक

काल दुपारी पुन्हा गारांनी झोडपलं. चैत्र सरता सरता हैदराबादचं आभाळ एखाद्या दिवशी असं काळंपिवळं होतं, वारा सुटतो, गुलमोहराच्या फांद्या एकमेकींना बडवायला लागतात आणि मग पहिली गार पत्र्यावर आपटते. लोक म्हणतात, गारा पडल्या. मला हा शब्द फार सोज्वळ वाटतो. पाऊस पडतो, गारा मारतात. काल त्यांनी माझी कढीपत्त्याची कुंडी फोडली, खालच्या मजल्यावरच्यांच्या गाडीची काच तडकवली आणि समोरच्या गच्चीवर एक कबूतर मारून टाकलं. शेजारची पोरं मात्र वाटीत गारा वेचून खात होती. मी दार लावून आत उभी राहिले, तर माझा उजवा पाय आपोआप फरशीत रुतलेला. टाच टेकवलेली, चवडा दाबलेला, पोटरी दगडासारखी. पन्नाशी उलटली तरी या पायाला गारा वाजल्या की आपण घरात आहोत हे कळत नाही.

ज्या वर्षीच्या गारा या पायात बसल्यात, त्या वर्षी मी गाड्या विकत होते. देशानं दारं उघडली होती आणि त्या दारांतून आधी काय आलं असेल तर गाड्या. आबिड्सच्या रस्त्यावर काचेच्या भिंतीचं आमचं शोरूम उभं राहिलं. तोवर एवढी काच फक्त साड्यांच्या दुकानाला असायची. मी कोट घालून, केस घट्ट बांधून, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिल्या दिवशी कडाडले, "पोरीची जात आणि गाड्या विकणार?" महिन्याभरात तेच आल्यागेल्याला सांगायला लागले की आमची बेबी परदेशी गाडी चालवते.

आम्हाला शिकवायला मद्रासकडचे एक सर आले होते. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत काळे पडदे लावून ते आम्हाला बर्फातल्या गाड्यांची फिल्म दाखवत होते. पांढराशुभ्र रस्ता, त्यावर वेगात येणारी गाडी, समोर अडथळा. पहिल्या गाडीचा ब्रेक दाबला तशी तिची चाकं जागच्या जागी जाम झाली आणि ती सरळ घसरत जाऊन अडथळ्याला धडकली. स्टिअरिंग पुरतं फिरवलेलं होतं, पण गाडीनं काही ऐकलं नाही. दुसरी गाडी थरथरत, कुरकुरत आली आणि अडथळ्याला वळसा घालून निघून गेली. मागून आमच्यातला एक जण म्हणाला, "सर, ये बरफ अपने हैदराबाद में कब गिरता?" सगळे खिदळले. सर हसले नाहीत. म्हणाले, चाक फिरत असेल तरच गाडी तुमची. चाक अडकलं की ती कुणाचीच नाही. म्हणून या गाडीत प्रत्येक चाकापाशी एक पहारेकरी बसवलाय. चाक अडकतंय असं दिसलं की तो ब्रेक सोडतो, लगेच धरतो, पुन्हा सोडतो, पुन्हा धरतो. पापणी लवायच्या आत कितीदा तरी. तो मार तुमच्या तळपायाला लागतो. असं म्हणून त्यांनी टेबलावर मुठीनं कडकडकडकड वाजवून दाखवलं.

"पेडल लाथ मारेल," सर म्हणाले. "मारू द्या. पाय उचलायचा नाही. सगळा जोर लावून दाबून ठेवायचा आणि जायचं तिकडं वळवायचं."

मी विचारलं होतं की मग गाडी लवकर थांबते का. सर प्रामाणिक माणूस. म्हणाले, भुसभुशीत बर्फावर उलट उशिरानं थांबते. अडकलेलं चाक आपल्यापुढं बर्फाचा ढीग लोटतं आणि त्या ढिगाला अडून थांबतं. फिरतं चाक ढीग करत नाही, त्यामुळं गाडी आणखी थोडी पुढं जाते. फायदा एवढाच, की वळता येतं. मला तेव्हा हे काही फार मोठं वाटलं नव्हतं. गिऱ्हाइकाला सांगायला "लवकर थांबते" हे जास्त बरं वाटलं असतं.

शोरूमच्या मागं एक मोकळं मैदान होतं. तिथं ओल्या वाळूवर मी गिऱ्हाइकांना ब्रेक मारायला लावायचे. आधी बजावून सांगायचे, पाय उचलू नका. तरी उचलायचे. झाडून सगळे. बेगमबाजारातला एक धिप्पाड व्यापारी तर पेडलनं पहिला दणका दिल्याबरोबर दोन्ही पाय पोटाशी घेऊन बसला. "मैडम, नवी गाडी का बिरेक टूट गया देखो! पाँव कू लात मारा!" त्याचा दोष नव्हता. आपल्याकडची माणसं जुन्या जीपवर शिकलेली. मलाही अण्णांनी ऑफिसच्या जीपवर तसंच शिकवलं होतं: दाब, सोड, दाब, सोड. त्या जीपचा ब्रेक दोनतीनदा पंप केल्याशिवाय धरायचाच नाही. आणि पेडल पायाखाली थरथरलं तर काहीतरी मोडलं असं समजायचं, पाय काढायचा, मेकॅनिक गाठायचा. आमच्या लोकांच्या डोक्याला नवी गाडी पटकन कळायची, पाय मात्र जीपमध्येच राहिलेला असायचा. मोठमोठ्या मिशांची माणसं घाबरलेली बघून मला तेव्हा भारी मजा यायची, हे कशाला लपवू?

रागाला आमच्या घरात तोटा नव्हता. गाव सोडून अण्णा हैदराबादला नोकरीला आले ते शेती भावांना देऊन आणि राग सोबत घेऊन. भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर. हिमायतनगरच्या आमच्या घराच्या भिंतीवर वरणाचे डाग होते, चुना दिला तरी वर यायचे. माझाही स्वभाव त्यांच्यावरच गेलाय. थोरल्या बहिणीला, अक्काला, मात्र यातलं काही मिळालं नाही. ती आईवर गेली. तिला तारनाक्याला दिलं. नवरा सरकारी खात्यात ओव्हरसियर, खात्याची जीप स्वतः चालवायचा, तिथं रुबाब होता. त्याला आम्ही दाजी म्हणायचो. दाजी अक्काला मारायचे. पट्ट्यानं, चपलेनं, हाताला येईल त्यानं. आणि आमचे अण्णा, ज्यांच्या आवाजानं गल्लीतली कुत्री पळायची, ते जावयासमोर "घ्या ना, अजून थोडं घ्या" म्हणत वाढायला उभे राहायचे. माझं रक्त उकळायचं. जावई म्हटला की आमच्याकडं त्याच्या पायावर पाणी घालतात. तोच पाय मुलीच्या पाठीत बसतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

त्या चैत्रात अक्का चार वर्षांच्या चिमीला कडेवर घेऊन एकटीच आली. आईनं गौर बसवली होती. चैत्रातली गौर माहेरी येते आणि अक्षय्यतृतीयेला परत जाते, तशीच आपली लेक आली, असं आई शेजारणींना सांगायची. झाकली मूठ. मी अक्काला न्हाऊ घालायला बसले तेव्हा तिच्या पाठीवर बकलाच्या खुणा होत्या, काही निळ्या, काही पिवळ्या पडलेल्या. पाणी ओतलं तशी ती आवाज न करता आकसली. आवाज न करायची तिला सवय लागली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी हातानं धुतलं. मला त्या माणसाला ठार मारावंसं वाटलं. नुसतं वाटलं नाही, कसं मारायचं तेही मनात येऊन गेलं.

अक्का आईला एकदाच म्हणाली, "मला नाही जायचं, आई. पुढच्या खेपेला तो मला जिती ठेवायचा नाही." आई पदर तोंडाला लावून रडली आणि तिनं ते अण्णांच्या कानावर घातलं. अण्णांनी गावाकडच्या काकांना विचारलं. काका म्हणाले, दिल्या घरी सुखी राहावं. ठरलं. अक्षय्यतृतीयेला गौर जाणार, जावई न्यायला येणार, अक्का जाणार. मी त्या संध्याकाळी अण्णांशी असं भांडले की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

"तुम्हाला राग येत नाही का?" मी ओरडले. "आमटीवर येतो, त्याच्यावर नाही येत?"

अण्णांनी हात उगारला. मग तो तसाच खाली घेतला आणि म्हणाले, "पोर पदरात आहे तिच्या. राग करून कुठं जाणार ती?"

हे लिहिताना मध्येच उठून फोन घ्यावा लागला. चिमीचा होता. चिमी आता कॅनडात असते, आणि तिकडं एप्रिलातही बर्फ पडलाय म्हणे. तिनं नुकतीच गाडी घेतलीय. "मावशी, आज सिग्नलला ब्रेक मारला ना, तर पेडल असलं व्हायब्रेट झालं, मला वाटलं गाडी फुटायली आता. मी पायच काढला!" तिची मराठी अशी गल्लीबोळातून येते आणि वाचायला दिली तर ती रडते. मी एवढ्या जोरात ओरडले की तिकडं तिच्या हातून फोन पडला असेल. "पाय काढायचा नाही! कळलं का? लाथ मारू दे त्याला, तू काढायचा नाहीस!" ती म्हणाली, "अगं हो, किती चिडतेस." मी रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन बर्फात मुद्दाम चारदा ब्रेक मारून बघ असं तिला सांगितलं. अंगाला एकदा तो मार माहीत झाला की पाय घाबरत नाही. तिला त्या चैत्रातलं काही आठवत नाही. मीही तिला कधी सांगितलेलं नाही.

अक्षय्यतृतीयेला दाजी आले. धुतलेला सफारी, अत्तर, मिठाईचा डबा. आईनं बेनिशान आंब्यांचा रस केला होता. बेनिशान म्हणजे ज्याच्यावर डाग नाही असा आंबा, तो आमच्या हैदराबादचा मान. दाजींनी वाटीवर वाटी रिचवली. अक्का वाढत होती. रस वाढताना पळी वाटीच्या काठाला लागली आणि थेंब त्यांच्या बाहीवर उडाला. दाजी हसून म्हणाले, "अशी धांदरट आहे बघा तुमची लेक." सगळे हसले. मी उठून मोरीत गेले आणि भिंतीवर मूठ आपटली. सालटं निघालं.

मला त्या दुपारी शोरूमची गाडी घेऊन तारनाक्याच्या एका गिऱ्हाइकाकडं जायचं होतं. अण्णा म्हणाले, तिकडंच जायलीस तर यांना सोड. म्हणजे मीच माझ्या बहिणीला तिथं नेऊन पोचवायचं. मी नाही म्हणणार होते. पण अक्कानं माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटलं की निदान वाट तरी माझ्या हातात राहील. आईनं ओटी भरली, कुंकू लावलं. दाजी पुढं माझ्या शेजारी बसले, अक्का मागं चिमीला घेऊन. विद्यानगर ओलांडलं तेव्हा वारा सुटला आणि विद्यापीठाच्या रस्त्याला लागलो तेव्हा आभाळ फाटलं.

आधी एकच गार टपावर बसली. मग दुसरी. मग कुणीतरी वरून दगडांचं पोतं उपडं केलं. लिंबाएवढ्या गारा काचेवर फुटत होत्या, बॉनेटवरून उसळत होत्या, गाडीच्या आत कानठळ्या बसत होत्या. रस्त्याकडेच्या झाडांची पानं, डहाळ्या, कच्च्या कैऱ्या सगळं खाली येत होतं. बघता बघता डांबर दिसेनासं झालं. हैदराबादच्या वैशाखात रस्ता पांढरा झाला. चाकांखाली साबुदाणा सांडल्यासारखं लागत होतं. चिमी किंचाळायला लागली.

"गप कर तिला!" दाजी ओरडले. अक्का तिला छातीशी दाबत होती, तिचे कान झाकत होती. चिमी आणखी जोरात रडली. दाजींनी सीटवरून मागं वळून हात फेकला. कुणाला लागला ते मला दिसलं नाही, चपराक ऐकू आली फक्त. आरशात बघितलं तर अक्कानं चिमीचं डोकं पदराखाली घेतलं होतं आणि तिचा स्वतःचा गाल लाल झाला होता.

तेवढ्यात पुढं एक ऑटो गारांवर फिरली आणि माझ्या डोळ्यांसमोर आडवी झाली. तिच्यातून ड्रायव्हर हातांवर रांगत बाहेर येत होता. तो नेमका माझ्या वाटेत होता.

मी ब्रेकवर उभी राहिले. पेडल जिवंत झालं. घणाचे घाव तळपायावर बसावेत तसं ते हाणत सुटलं. खालून कुठून तरी करकरकर आवाज येत होता, सगळी गाडी दात वाजवत होती आणि पुढं जातच होती. गारांवर ती लवकर थांबणार नव्हती, हे मला माहीत होतं. दाजींना माहीत नव्हतं. त्यांच्या अंगात जीप होती.

"ब्रेक गेला! पाय काढ! पंप मार, पंप मार!"

मी पाय काढला नाही. त्यांनी खाली वाकून माझा गुडघा धरला आणि वर ओढायला लागले. बोटं मांसात रुतली. मी सीटला पाठ टेकवून सगळा देह त्या एका पायात ओतला. खालून पेडल मारत होतं, वरून तो माणूस ओढत होता आणि मी दात खाऊन स्टिअरिंग डावीकडं घेतलं. गाडीनं ऐकलं. थरथरत, रडत, पण तिनं ऐकलं. ऑटोची ताडपत्री माझ्या काचेला घासून गेली, ड्रायव्हरचा उघड्या तोंडाचा चेहरा बाजूनं सरकला आणि मातीच्या कडेला चाक टेकून आम्ही थांबलो. पेडलही थांबलं. फक्त टपावर गारा वाजत होत्या. मागं ऑटोवाला उठून बसला होता. त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरले होते. सगळे वाचलो होतो.

तेव्हा दाजींनी मला मारलं. उलट्या हातानं, तोंडावर. ओठ फुटला. "म्हणलं होतं ना पाय काढ! बाईच्या जातीला सांगितलेलं कळत नाही का?" मला आजही त्या चपराकेचं नवल वाटतं. गाडी थांबली होती, लेक धडधाकट होती, ते स्वतः जिवंत होते. तरी मारलं, कारण मी त्यांचं ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तर एक माणूस चाकाखाली गेला असता. त्यांना तेही चाललं असतं. अण्णांचा राग, काकांचा सल्ला, बाहीवरचा रस, सगळं मला त्या क्षणी एकदम लख्ख दिसलं. मी हात उचलला होता. त्यांचा गळा धरणार होते.

माझ्या आधी अक्काचा हात आला. मागून. तिनं दाजींचे केस मुठीत धरले आणि त्यांचं डोकं असं मागं खेचलं की गळ्याची घाटी वर आली. एवढी वर्षं स्वतः मार खाताना जिनं आवाज काढला नाही, ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझ्या बहिणीला? माझ्या बहिणीला हात लावलास?" तिनं त्यांना अरे-तुरे केलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या हातानं ती मारत होती. कुठंही, डोक्यात, कानावर, खांद्यावर. दाजी "सुलभा, सुलभा" म्हणत राहिले. मी अडवलं नाही. मला आनंद होत होता, लख्ख, भुकेला आनंद. त्याबद्दल आजही वाईट वाटत नाही.

मग तिनं केस सोडले. चिमीला सीटवर ठेवलं, दार उघडून गारांत उतरली, पुढचं दार उघडलं. तिच्या डोक्यावर, उघड्या दंडांवर गारा फुटत होत्या आणि ती एकदाही आकसली नाही.

"उतर," ती म्हणाली.

दाजींनी माझ्याकडं बघितलं. "ही काय करायली? सांग हिला. पाऊण कोसावर घर आहे."

"मग चालत जा," अक्का म्हणाली.

ते उतरले. का उतरले, कुणास ठाऊक. ती घाबरली नाही तेव्हा काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नसावं. सफारीचा कोट डोक्यावर ओढून, एका हातानं झाडाचं खोड धरून ते उभे राहिले. अक्का त्यांच्या जागेवर बसली, दार ओढून घेतलं. मी गाडी फिरवून हिमायतनगरच्या दिशेनं घेतली. त्यानंतर अण्णांनी आदळआपट केली, काका दोनदा येऊन समजावून गेले, दाजींनी माणसं पाठवली. अक्का तारनाक्याला परत गेली नाही.

पण तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. गाडीत तिघीच होतो. माझ्या ओठातून रक्त हनुवटीवर येत होतं. अक्काच्या केसांत गारा अडकल्या होत्या, त्या वितळून तिच्या मानेवरून पाठीवर उतरत होत्या. मी तिच्याकडं बघत राहिले. काही बोलेल, रडेल, आता काय गं बेबी म्हणेल म्हणून वाट बघत राहिले. चिमीच्या बाजूची काच बोटभर उघडी राहिली होती. तिनं मागं वळून चिमीचं तोंड पदरानं पुसलं.

"काच वर कर," ती म्हणाली. "पोरगी भिजायली."